अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदाच का?

दक्षिणायन:
गेल्या नोव्हेंबरात किरणोत्सवासाठी कोल्हापूरला गेलो होतो. गरुड मंडपातल्या दाटीत उभे राहून मावळतीची किरणे पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात शिरताना पाहिली. मात्र देवीच्या कमरेपर्यंत पोहोचून ती तेथेच विरली. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असे दोनदा हे घडते. मंदिर पश्चिमाभिमुख आहे हे खरे, पण सूर्य रोजच पश्चिमेला मावळतो. मग हेच दिवस का, आणि किरणे मध्येच का विरली?

आकाशवेडा:
मंदिराचे तोंड नेमके पश्चिमेला असते, तर किरणे मार्च आणि सप्टेंबरातील विषुवदिनांच्या सुमारास आत आली असती. आपण दिलेल्या तारखांना सूर्य पश्चिमबिंदूच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो, आणि महाद्वारापासून मूर्तीपर्यंतचा मोकळा मार्ग नेमका त्याच दिशेला तोंड करून आहे. दक्षिणेकडे सरकणारा सूर्य हे ठिकाण नोव्हेंबरात ओलांडतो, २१-२२ डिसेंबरला मागे फिरतो आणि परतताना पुन्हा तेथेच येतो. म्हणूनच दोन्ही सोहळे त्या दिवसापासून जवळजवळ सारख्याच, म्हणजे सुमारे ४२ दिवसांच्या अंतरावर पडतात. या काळात अस्ताचे ठिकाण रोज पाव अंशाहून थोडे अधिकच सरकते, तर सूर्यबिंब स्वतःच अर्धा अंश रुंद असते. त्यामुळे एकच दिवस न मिळता दोन-तीन दिवस मिळतात.

करवीरकर:
पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमर ते छाती आणि तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात एकाच सायंकाळीही सूर्य जसजसा खाली जातो, तसतसा प्रकाश मूर्तीवर वर चढतो. मुखापर्यंत पोहोचायला अगदी शेवटची मिनिटे लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी क्षितिजाजवळचे ढग, धूळ किंवा पश्चिमेकडची बांधकामे आड येतात. आपल्या वेळी असेच काही झाले असावे. मुखावर किरणे पडली की घंटानाद आणि आरती होते. त्या क्षणी आपण मोबाइल खिशात ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दक्षिणायन:
आभारी आहे. मूर्तीमागे सिंह का आहे, हेही विचारायचे राहिले.

करवीरकर:
सिंह हे असुरांशी लढणाऱ्या दुर्गेचे वाहन, आणि कोल्हासुराचा वध करणारी ही देवी आहे; त्यामुळे तिला केवळ लक्ष्मी, म्हणजे विष्णुपत्नी मानणे अनेकांना पटत नाही; गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाचे शिवलिंग आणि नंदी आहे, याकडेही ते बोट दाखवतात. या वादाला अंत नाही. किरणे देवीकडे येतात, तशी ललितापंचमीला देवी स्वतः पालखीतून शहराच्या पूर्वेला, टेंबलाईच्या टेकडीवर जाते. असुरावरील विजयानंतर आपला विसर पडला म्हणून रुसलेल्या टेंबलाईची समजूत काढायला ती जाते, अशी कथा आहे. तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडतात आणि त्याच्या फोडीसाठी एकच झुंबड उडते.