हिमोग्लोबिनला रंग कोणते द्यावेत? झेरॉक्समध्ये सगळा काला झालाय

विश्रामबागच्या मॅडम
सांगलीत बी.एस्सी.च्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवते. रेणूंची त्रिमितीय चित्रं काढणारं पायमॉल हे सॉफ्टवेअर याच वर्षी हातात घेतलंय, तेव्हा हसू नका. प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली ४एचएचबी या क्रमांकाची हिमोग्लोबिनची रचना उघडली. त्याच्या चार प्रथिन-साखळ्यांपैकी दोन अल्फा लाल केल्या. उरलेल्या दोन बीटांना पोपटी दिला तर डोळ्यांत खुपायला लागला, म्हणून गर्द हिरवा दिला. हीम, म्हणजे साखळ्यांत बसलेले लोहवाले भाग, निळे, मागे काळाभोर पडदा. स्क्रीनवर असं झळकत होतं की मीच दोन मिनिटं बघत बसले.

मग नोट्सच्या झेरॉक्स काढल्या. अल्फा-बीटा एकाच करड्या रंगात, काळ्यात बुडालेल्या. झेरॉक्सवाले काका म्हणाले, "मॅडम, कोळशाचा फोटो आहे का?"

वर्गात त्याहून वाईट झालं. प्रोजेक्टरवर रंगीत चित्र असताना मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "यातली बीटा कुठली?" मी म्हटलं, "अरे, डोळे उघड, हिरवी!" वर्ग हसला. तास सुटल्यावर तो हळूच येऊन म्हणाला, "मला आणि माझ्या मामाला लाल-हिरवं सारखंच दिसतं. घरी मला मिरच्या तोडायला पाठवत नाहीत, पिकलेली कळत नाही." रंगांधळेपणाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, हे दरवर्षी फळ्यावर मीच लिहिते. तोंड कुठे लपवू असं झालं.

आता प्रदर्शनासाठी याच चित्राचा फ्लेक्स करायचाय. काय करू?

कृष्णाकाठचा
मॅडम, ओकाबे आणि इतो या दोन जपानी शास्त्रज्ञांचा आठ रंगांचा संच आहे, तो वापरा. दोघांनाही लाल-हिरव्याची अडचण, त्यामुळे रंग स्वतःच्या डोळ्यांनी पारखलेले. आकाशी घ्या ८६-१८०-२३३ आणि नारिंगी २३०-१५९-० (लाल-हिरवा-निळा या क्रमाने संगणकात भरायचे आकडे). तो नारिंगी आपल्या हळदीकडे झुकणारा आहे, सांगलीकरांना परका वाटणार नाही. पडदा पांढरा करा, काळ्याने टोनर जातो आणि कडाही हरवतात.

विश्रामबागच्या मॅडम
केलं. त्या मुलाला मोबाइलवर दाखवलं, त्याने लगेच दोन्ही साखळ्या बोटाने वेगळ्या दाखवल्या. पण झेरॉक्समध्ये परत तेच! आकाशी आणि नारिंगी जुळी भावंडं.

कृष्णाकाठचा
चूक माझी. त्या दोन रंगांचा उजळपणा जवळपास सारखाच आहे. झेरॉक्सला रंग कळत नाही, फक्त उजळ-गडद कळतं. नारिंगी राहू द्या, आकाशीच्या जागी त्याच संचातला गडद निळा घ्या, ०-११४-१७८. आणि दुकानात जायच्या आधी स्क्रीनचा फोटो मोबाइलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, रुपये वाचतील.

निवृत्त रसायन
रंग बदलताय ते ठीक, पण मूळ गोंधळ कोणी बोलेना. तुम्ही अख्खी अल्फा साखळी लाल केलीत. रसायनवाल्याला लाल म्हणजे ऑक्सिजन! कोरी आणि पॉलिंग या शास्त्रज्ञांनी १९५३ साली रेणूंची मॉडेलं मांडली, १९६५ साली कोल्टनने ती सुधारली, तेव्हापासून कार्बन काळा, नायट्रोजन निळा, गंधक पिवळं. आम्ही प्लास्टिकच्या गोळ्यांनी हेच शिकवलं. अणू दाखवायचे तिथे ही रीत मोडू नका.

दुसरं, मुलांना नेमकं काय दाखवायचंय? चार साखळ्या, की लोह ऑक्सिजन कुठे धरतं ते? दोन्ही एका चित्रात कोंबलं की पाव्हण्यांच्या ताटात सगळ्या भाज्या एकमेकींत मिसळल्यासारखं होतं. हीमच्या चित्रात साखळ्या फिकट करड्या करून टाका. कार्बनला एक रंग, नायट्रोजन निळा, ऑक्सिजन लाल, लोह नारिंगी. लोहाला धरणारे हीमचे चार नायट्रोजन आणि खालून साखळीतल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाचा एक, एवढं दिसलं की बास. आणि ४एचएचबी ही ऑक्सिजनविरहित रचना आहे, लोहावर ऑक्सिजन शोधत बसाल. लाल ठिपके दिसतात ते हीमच्या शेपट्यांमधल्या ऑक्सिजन अणूंचे.

मिरज_फ्लेक्स
आमचं छपाईचं दुकान आहे, म्हणून बोलतो. स्क्रीनवरचा भडक हिरवा आणि जांभळट निळा शाईत तसा उतरत नाही, मळकट होतो. लोक येऊन भांडतात. आधी एक फुटाचा तुकडा छापून घ्या, मग मोठा टाका. कडांना काळी रेघ मिळाली तर उत्तम, लांबून चित्र उठून दिसतं.

विश्रामबागच्या मॅडम
काळ्या रेघेसाठी पायमॉलमध्ये रे ट्रेस मोड नावाची सेटिंग १ करायची असते, ते मला आजच सापडलं! सर, तुमचं ऐकून दोन चित्रं केली. साखळ्यांचं गडद निळं-नारिंगी, हीमचं करड्या पार्श्वभूमीवर. झेरॉक्सवाल्या काकांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हे फुलपाखरू का?" कोळशावरून फुलपाखरावर आलोय. एक फुटाचा तुकडा शनिवारी काढते. त्या मुलालाच सोबत नेणार आहे, आधी तो बघेल.