मदत हवी आहे: महाविद्यालयीन बीच व्हॉलीबॉल, नागरिकत्व आणि जोडीदाराची निवड

माझी मुलगी कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाकडून एनसीएएच्या (अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या) स्पर्धांमध्ये बीच व्हॉलीबॉल खेळते आणि तिचे शेवटचे वर्ष अजून बाकी आहे. तिचा जन्म अमेरिकेतला असून तिच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. भारताकडून खेळण्याची तिची मनापासून इच्छा आहे. परंतु त्यासाठी भारतीय पारपत्र आवश्यक आहे, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नसल्याने अमेरिकेचे नागरिकत्व सोडावे लागेल, तसेच अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य करावे लागेल, हे आम्ही कायदा वाचून व वकिलांना विचारून जाणून घेतले आहे. बक्षिसाची रक्कम प्रत्यक्ष खर्चापुरतीच स्वीकारावी, असे विद्यापीठाच्या पात्रता विभागाने सांगितले आहे, त्यामुळे तो प्रश्न तूर्त नाही.

खरी अडचण जोडीची आहे. जागतिक व्हॉलीबॉल महासंघाच्या स्पर्धांत जोडीतील दोघीही एकाच देशाच्या असाव्या लागतात. तिची सध्याची सहकारी अमेरिकन आहे आणि पदवीनंतर दोघींनी एव्हीपीच्या (अमेरिकेतील बीच व्हॉलीबॉल मालिकेच्या) व्यावसायिक स्पर्धा एकत्र खेळायचे ठरवले आहे. इतकी जमलेली जोडी मोडणे सोपे नाही. माझी मुलगी अद्याप अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेली नाही. ओळखीतून मिळणाऱ्या शिफारशी किंवा नियमांतील पळवाटा नकोत.

अशा स्थितीत, या सहकारीबरोबर आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी एकदा जरी अमेरिकेकडून नोंदणी केली, तर पुढे भारतीय नागरिकत्व घेतल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय महासंघातून भारताच्या महासंघात जाण्यासाठी तिला किती काळ थांबावे लागेल, आणि त्यासाठी कोणाची संमती लागेल?