जावा की पायथन? आधी एसक्यूएल

बीएस्सी झालेल्या भाच्याने नोकरीसाठी जावा शिकावं की पायथन (दोन्ही प्रोग्रॅमिंगच्या भाषा), असं तुम्ही विचारलंय आणि वरच्या उत्तरांत बहुतेकांनी पायथन सुचवलंय. दोन्ही चालतील. पण सोबत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधली माहिती साठवायची-काढायची भाषा, पक्कं करायला सांगा, ते कुणीच लिहिलेलं नाही. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा आजही बँकांपासून दुकानाच्या बिलिंगपर्यंत सगळीकडे आहे. टेस्टिंग, सपोर्ट, डेटा अ‍ॅनालिसिस, कुठेही गेला तरी एसक्यूएलमधलं जॉइन (दोन टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (गट करून बेरीज वगैरे काढणं) लागणारच. सरावासाठी पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं.

मुलाखतीत दाखवायचा प्रोजेक्ट मात्र तयार विकत घेऊ नये, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं. गावातल्या दूध डेअरीचा हिशेब करून बघू दे: सभासद, सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, दहा दिवसांचं बिल. आज दर बदलला तर मागची बिलं बदलता कामा नयेत. मग दर कुठे ठेवायचा, कुठल्या तारखेपासून लागू? एवढं स्वतः सोडवलं की टेबलांची रचना कशी करायची ते डोक्यात बसतं, आणि मुलाखतीत बोलायला त्याचं स्वतःचं काहीतरी असतं. कोड रोज गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) टाकावा.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणत लाखभर रुपये मागणाऱ्या क्लासला कर्ज काढून पैसे भरू नका, ही कळकळीची विनंती. सरकारच्या स्वयम पोर्टलवर एनपीटीईएलचे (आयआयटींचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम) डेटाबेस आणि प्रोग्रॅमिंगचे कोर्स मोफत आहेत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. भाच्याचा गणित विषय कसा आहे आणि तो रोज किती वेळ देऊ शकतो, ते कळवा. त्यानुसार पुढचं सांगता येईल.