बीआरसीए१ मध्ये 'व्हीयूएस' आलंय, कोणत्या टूलवर विश्वास ठेवू?

मुक्ता_नि
आईला स्तनाचा कर्करोग, म्हणून जीन टेस्ट केली. बीआरसीए१ मध्ये (हा जीन बिघडला तर स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) एक मिसेन्स बदल, म्हणजे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारा, सापडला, शेरा 'व्हीयूएस', म्हणजे परिणाम अनिश्चित. नेटवर बदलाच्या परिणामाचा अंदाज देणारी टूल्स बघितली तर सिफ्ट म्हणतं घातक, पॉलीफेन म्हणतं निरुपद्रवी. आता अल्फामिसेन्स बघू का? आणि धाकट्या बहिणीची टेस्ट करावी का?

पेशीवाला
बघा हवं तर, पण अडकू नका. ही टूल्स मुख्यतः एकच गोष्ट तपासतात: प्रथिनातली ती जागा उत्क्रांतीत किती जपली गेलीय. म्हणून एसीएमजी या अमेरिकन जनुकतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१५ च्या नियमावलीत पाच टूल्स एका सुरात बोलली तरी पुरावा एकच, तोही सर्वात हलका. अल्फामिसेन्स (२०२३) जुन्यांपेक्षा सरस आहे, पण फक्त अमिनो आम्लाची अदलाबदल बघतं. बदल एक्झॉनच्या (जीनमधल्या कामाच्या तुकड्याच्या) कडेला असेल तर स्प्लायसिंग, म्हणजे हे तुकडे जोडण्याचं काम, बिघडू शकतं, ते त्याला दिसत नाही. त्यासाठी स्प्लाइसएआय.

त्यापेक्षा बदल बीआरसीए१ प्रथिनाच्या रिंग किंवा बीआरसीटी या भागांत आहे का ते पाहा. असेल तर नशीब! २०१८ मध्ये सिएटलच्या गटाने तिथले जवळपास ४,००० बदल पेशींत घालून पाहिले. या पेशी बीआरसीए१ शिवाय जगत नाहीत, त्यामुळे कोणत्या बदलाने जीन निकामी झाला हे थेट कळलं. असा एक प्रयोग दहा अंदाजांना भारी.

सुमनताई_सातारा
मुक्ता, बहिणीच्या टेस्टची घाई नको गं. व्हीयूएस तिच्यात असो वा नसो, त्यावरून धोका सांगता येत नाही, उगाच जिवाला घोर. तिच्या तपासण्या घराण्यातल्या इतिहासावरून ठरतील. मावशी-आत्या कोणाला झाला होता का, कोणत्या वयात, हे लिहून जेनेटिक काउन्सेलरकडे जा. मुंबईत टाटा मेमोरियलला कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे.

पेशीवाला
+१. आणि व्हीयूएसच्या भरवशावर कुणी अंडाशय काढायला सांगितलं तर दुसरं मत घ्याच. बहुतेक व्हीयूएस पुढे निरुपद्रवी ठरतात. आपल्याकडे ते जास्त निघतात, कारण डेटाबेसमध्ये भारतीय जीनोम कमी.

मुक्ता_नि
धन्यवाद दोघांनाही. बदल बीआरसीटीमध्येच आहे! क्लिनव्हारवर (जीन-बदलांच्या खुल्या डेटाबेसवर) तीन लॅबच्या नोंदी दिसतायत, दोन 'अनिश्चित', एक 'बहुधा निरुपद्रवी'. लॅबला पुनर्वर्गीकरणाचं विचारू का?

पेशीवाला
विचारा, ईमेलनेच. बदलाचं पूर्ण नाव, 'सी.' पासून सुरू होणारं, जसंच्या तसं टाका.