शेवभाजीचा रस्सा कडवट का होतो?

धुळ्याहून प्रश्न: चार माणसांच्या शेवभाजीला सुकं खोबरं किती घ्यावं? रंग काळा येतो, पण मागून कडू लागतं. डेसिकेटेड कोकोनट चालेल का?

जळगावकर: खोबऱ्याची अर्धी वाटी, म्हणजे साधारण 40 ग्रॅम, दोन मध्यम कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या. वाटी चिमट्यात धरून थेट आचेवर भाजता ना? खोबऱ्यात तेल भरपूर, म्हणून ते पेट घेतं. लगेच फुंकून विझवा आणि वरची काजळी सुरीने खरवडून टाका. कडूपणा तिथेच असतो. रंग भाजलेल्या कांद्याने आणि काळ्या मसाल्याने येऊ द्या, खोबरं जाळून नको.

भुसावळहून: वाटण तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परता, मग उकळतं पाणी घाला. गार पाण्याने तर्री बसते. डेसिकेटेड कोकोनट इतका बारीक, की कढईत मिनिटभरात करपतो. तो नानकटाईसाठी ठेवा. ओला नारळ तर इथे नकोच, रस्सा गोडसर होतो. आणि खोबरं घेताना वास घ्या. खवटपणा भाजूनही जात नाही.

जळगावकर: शेव मात्र वाढतानाच घाला.