दर्जा आणि प्रतिष्ठा एका मापात नकोत

‘ख्यालाला तपश्चर्या लागते, पॉपला नुसतं मशीन’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. ख्याल म्हणजे शास्त्रीय गायनाचा एक प्रमुख प्रकार; त्याच्या तपश्चर्येबद्दल वाद नाही. पण शास्त्रीय संगीताची आजची प्रतिष्ठा काही आभाळातून पडलेली नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा घरंदाज माणसं पोरांना गाणं शिकवायला कचरत होती. तेच पलुसकर पुढे आपल्या नाशकात येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर १९५२च्या ‘बैजू बावरा’ सिनेमासाठी अमीर खाँसाहेबांबरोबर देसी राग गायले, तेही तिकीटबारीवरच्या पब्लिकसाठी. त्यानं राग बाटला का?

पॉपमध्ये मला खटकतं ते वेगळंच. सॉफ्टवेअरनं सूर सरळ केला की मींडच मरते, दोन स्वरांमधली वाट पुसली जाते. अर्थात सुमार ख्यालातही तानांचा नुसता पाऊस असतो, राग कुठे दिसत नाही. तिथे मात्र आपण ‘अभिजात’ म्हणून माना डोलावतो!

आणि आपला नाशिक ढोल कुठे बसवणार? मिरवणुकीत ताशावाल्याच्या शेजारी उभं राहून त्याची तर्री, म्हणजे काड्यांचा जलद थरथरता नाद, ऐका. इतका बारीक, सलग हात रियाजाशिवाय येत नाही, पण त्याला पंडित कुणी म्हणणार नाही.