मदत हवी आहे : ‘द कलर ऑफ पोमग्रॅनेट्स’ दाखवण्याआधी किती सांगावं?

नमस्कार मंडळी. आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा एकत्र सिनेमा बघतो. पुढच्या वेळी सर्गेई पाराजानोव यांचा १९६९चा ‘द कलर ऑफ पोमग्रॅनेट्स’ दाखवायचं माझ्या मनात आहे.

अठराव्या शतकातल्या आर्मेनियन कवी सायत-नोवाचं हे आयुष्य, पण रूढ अर्थाने गोष्ट नाही. संवाद जवळजवळ नाहीतच. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही, चौकटीतली माणसं थेट आपल्याकडे बघत राहतात. पांढऱ्या कापडावर डाळिंबं ठेवलेली, त्यांचा लाल रस हळूहळू पसरत जातो. मठाच्या छपरावर भिजलेले ग्रंथ वाळत घातलेत, वाऱ्याने पानं फडफडतायत आणि त्यांच्यामध्ये एक लहान मुलगा आडवा पडलाय. हे दृश्य मी किती वेळा मागे घेऊन पाहिलंय!

अडचण अशी की मागे असाच एक सिनेमा लावला तेव्हा अर्धी मंडळी मध्येच उठून गेली. मला फार वाईट वाटलं होतं. म्हणून विचारतोय : कवीचं चरित्र आधी सांगावं की नंतर? आधी सांगितलं तर लोक चित्रं बघण्याऐवजी अर्थच शोधत बसतील, अशी मला धास्ती वाटते. सोफिको चियाउरेली तरुण कवी आणि त्याची प्रेयसी अशा दोन्ही भूमिकांत आहे, एवढं तरी सांगायलाच हवं ना?

दुसरं, सोव्हिएत सेन्सॉरच्या कात्रीनंतर दिग्दर्शक सर्गेई युत्केविच यांनी नव्याने संकलित केलेली प्रत बरी की २०१४ साली पुनरुज्जीवित झालेली? दोन्ही पाहिलेल्यांनी कृपया सांगा. सिनेमात मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांचा मराठी अनुवाद कुणी केला असेल तर तोही हवा आहे.